काचबिंदूचे थेंब आणि अश्रूंचा पडदा

काचबिंदू हा चोरपावलांनी येणारा विकार होय. या विकारात बहुधा डोळ्यातील दाब वाढतो, दृष्टीच्या मज्जातंतूस इजा पोहोचते आणि बाजूचे दिसणे प्रथम कमी होते. मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उरलेली दृष्टी राखण्यासाठी बहुसंख्य रुग्णांना दाब कमी करणारे थेंब वर्षानुवर्षे घालावे लागतात.

अडचण उद्भवते ती येथेच. काचबिंदू सहसा दुखत नाही. थेंब मात्र चुरचुरतात. डोळे लाल होतात, खडा गेल्यासारखे खुपतात. “औषधानेच डोळा बिघडला,” असे समजून रुग्ण बाटली फळीवर ठेवून देतो आणि नकळत दृष्टी गमावू लागतो.

असे का होते?

डोळ्याच्या पृष्ठभागावर श्लेष्म, पाणी आणि स्निग्धांश यांचा एक पातळ पडदा असतो. पापणीच्या प्रत्येक उघडझापेबरोबर तो नव्याने पसरतो. बाटलीतील औषधात जंतू वाढू नयेत म्हणून अनेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक द्रव्य घातलेले असते. ते साबणासारखे काम करते. जंतूंचा नाश करताना ते अश्रूंतील स्निग्ध थर विस्कळीत करते आणि श्लेष्म तयार करणाऱ्या पेशींनाही अपाय करते. दोन औषधे दिवसातून दोनदा घेणाऱ्या रुग्णाच्या प्रत्येक डोळ्यात वर्षाकाठी 1,460 थेंब पडतात. त्यामुळे अल्प मात्राही साचत जाते. पडदा लवकर फाटतो, डोळा कोरडा पडतो आणि कित्येकदा त्या चुरचुरीनेच डोळ्यातून पाणी वाहते.

काही त्रास मूळ औषधाचाही असतो. टिमोलोलने अश्रू कमी होऊ शकतात, लॅटानोप्रोस्टने डोळा लाल होतो, तर डॉरझोलामाइड आम्लधर्मी असल्याने झोंबते.

उपाय कोणते?

पहिला नियम असा की, थेंब स्वतःहून बंद करू नयेत; त्रास डॉक्टरांना सांगावा. परिरक्षकविरहित थेंब, दोन औषधे एकत्र असलेली एकच बाटली, कृत्रिम अश्रू किंवा योग्य रुग्णांसाठी लेझर उपचार, असे मार्ग उपलब्ध आहेत. एका वेळी एकच थेंब घालावा, नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलके दाबून धरावा. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तीवर लिहावी आणि सांगितलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्यावी.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी वृद्धांची विचारपूस करताना “थेंब घालता ना?” एवढेच विचारून थांबू नये. “थेंब घातल्यावर काही त्रास होतो का?” हेही आवर्जून विचारावे. होकार मिळाल्यास त्या व्यक्तीस नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. वेळीच विचारलेल्या या एका प्रश्नाने एखाद्याची दृष्टी वाचू शकेल.