हवा ओली, धिंगरी कोरडी

घरात मशरूमचा तंबू लावायचा म्हटलं की जो तो एकच सांगतो: पाणी मारत राहा. सकाळी मारा, दुपारी मारा, संध्याकाळी मारा. अड्याळला माझ्याकडे धिंगरी मशरूम बघायला येणाऱ्या बायाही हेच ऐकून आलेल्या असतात. मी त्यांना आधी स्प्रे पंप खाली ठेवायला लावते. घरातल्या छोट्या तंबूत धिंगरी सुकून गेलेली मी क्वचित पाहिली. पाण्यानं सडलेली मात्र वारंवार.

आमचा मुलूख धानाचा. भंडारा-पवनी रस्त्यावरचं गाव, भोवती धानाच्या बांध्या आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. मळणी झाली की तणसाचे ढीग दारात येऊन पडतात, आणि धिंगरीला तणसासारखं दुसरं खाद्य नाही. पावसाळ्यात जंगलातल्या सात्या, म्हणजे रानमशरूम, खाणाऱ्या घरांना तिची चवही परकी वाटत नाही. म्हणून बचत गटांतल्या बायकांना हा धंदा जवळचा वाटतो, आणि तो वाटावाच. फक्त तंबूतल्या ओलाव्याचं गणित आधी समजून घ्या, कारण ते न कळल्यानं भरल्या तंबूचं पीक कसं जातं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ते पीक पावसाळ्यातलं होतं. मधल्या खोलीत प्लास्टिकच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर जाड प्लास्टिक, आत टांगलेले तणसाचे बेड. बुरशी छान पांढरी पसरली, पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, आले. धिंगरीला पिनहेडपासून काढणीपर्यंत ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते, हे प्रत्येक माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. तंबूतला मीटर मात्र ७५च्या वर जायलाच तयार नव्हता. म्हणून पाणी वाढलं. एके दिवशी पहाटे सासूबाई चूल पेटवायला उठल्या आणि तंबूत डोकावून म्हणाल्या, ‘‘अवं, वरतून पानी गळून राह्यलं.’’ छताच्या प्लास्टिकवरून थेंब खाली येत होते, खालच्या टोप्यांच्या खोलगट भागात साचत होते, आणि मीटर तेव्हाही ७५ सांगत होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत टोप्यांवर पिवळसर ठिपके आले, ते तपकिरी झाले, वरचा पापुद्रा बुळबुळीत झाला आणि खोलीभर कुबट वास सुटला. हा स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंचा रोग. टोपीवर काही तास पाणी नुसतं थांबून राहिलं तरी त्याला पुरतं. सगळा तोडा उकिरड्यावर गेला.

मीटर तपासायची युक्ती त्यानंतर हाती लागली, आणि ती प्रत्येकानं पहिल्याच दिवशी करावी. एका झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका घट्ट, पारदर्शक डब्यात बंद करून रात्रभर घरातच ठेवा. अशा ओल्या मिठावरची बंद हवा बरोबर ७५ टक्क्यांना स्थिरावते. सकाळी डबा उघडायच्या आत आकडा वाचा. आमच्या मीटरनं ६३ दाखवले, म्हणजे तो १२ नं कमी सांगत होता. तो ७५ म्हणाला तेव्हा तंबूत ८७च्या आसपास आर्द्रता होती आणि पाणी तरीही वाढत होतं. स्वस्त मीटर घ्यायला हरकत नाही, पण त्याची खोट किती ते कागदावर लिहून तंबूलाच चिकटवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सतत ओल्या हवेत राहून हे मीटर बिघडतात.

मीटर नसेल तरी अडत नाही. सारखे दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा, पुठ्ठ्यानं वारा घाला आणि दोन्ही वाचा. कोरडा २६ अंश आणि ओला २४ असेल तर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या जवळ आहे, सगळं ठीक. फरक चार अंशांचा झाला तर ती ७० वर आली आहे. फरक एक अंशावर आला तर तंबूचं तोंड लगेच उघडा.

आता मुख्य गोष्ट. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सहा फूट उंच तंबूत साधारण चार घनमीटर हवा मावते. २७ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे अख्ख्या तंबूची हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात पाणी असतं शंभरेक ग्रॅम. चहाचा एक कप. आर्द्रता ६० वरून ८५ वर न्यायला लागतात २६ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे. पंपानं लिटरभर पाणी मारलं तर यातलं हवेत किती जाणार? बाकीचं बेडवर, टोप्यांवर, प्लास्टिकवर आणि जमिनीवरच बसणार. पंपाचं पाणी हवेला हवं असतं, पण पडतं धिंगरीवर.

मग हिवाळ्यात हवा एवढी कोरडी का वाटते? कारण तंबूची हवा सतत बदलावी लागते. धिंगरी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि बंद प्लास्टिकमध्ये तो साचतो. देठ लांबुळके आणि टोप्या बटणाएवढ्याच राहिल्या तर पाण्याचा विचारही करू नका, तिला हवा हवी आहे. पण तासातून चार वेळा हवा बदलली तर दर वेळी ते पाच चमचे बाहेर जातात आणि पुन्हा भरावे लागतात. ओलावा आणि मोकळी हवा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. तंबूची सगळी मेहनत त्या दोघांना एकत्र नांदवण्यात आहे. म्हणून पाणी हळूहळू आणि सतत मिळायला हवं, एकदम नाही.

यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती बारदानाची रीत. धुतलेली बारदानं तंबूच्या दोन बाजूंना, बेडपासून हातभर लांब टांगायची आणि त्यांचं खालचं टोक पाण्याच्या घमेल्यात सोडायचं. कापड पाणी वर ओढतं, हवा कोरडी असली की जास्त सोडतं, हवा भरत आली की आपोआप थांबतं. धिंगरीवर थेंब पडत नाही आणि वीज गेली तरी काम चालू राहतं. जमिनीवर विटांचा थर घालून त्या ओल्या ठेवल्या की आणखी मदत होते. बारदानं आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा, नाहीतर हिरवी बुरशी आधी तिथेच घर करते.

वाफेचं यंत्र, म्हणजे ह्युमिडिफायर, घेतलंत तर ते दोन-तीन मिनिटं चालवा आणि मग बंद ठेवा. घरगुती यंत्र तासाला पाव लिटरच्या आसपास पाणी फेकतं. तोंड बंद असलेल्या छोट्या तंबूला ते फार होतं. विहिरीच्या जड पाण्यानं टोप्यांवर पांढरी भुकटी बसते, म्हणून गाळलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. आणि प्लग, बोर्ड, वायरचा जोड, काहीही तंबूच्या आत नको. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून बटण दाबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; माझ्या पोटात गोळा येतो.

पहाटेच्या थेंबांचं कारणही समजून घ्या. २६ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत तापमान दोन अंशांनी उतरलं तरी दव सुटतं. कौलांखालचं पातळ प्लास्टिक रात्री तेवढं सहज गार होतं. तंबूचं छत सपाट ठेवलंत तर सगळं दव धिंगरीवर पडणार. छताला मध्ये उंची देऊन दोन्हीकडे उतार काढा, पाणी कडेनं ओघळून जाईल. वरून जुनी गोधडी टाका. टोप्यांवर पाणी मारायचंच असेल तर ते सकाळी, अगदी बारीक फवाऱ्यानं आणि तासा-दोन तासांत सुकेल इतकंच. सूर्य कलल्यावर अजिबात नाही, आणि काढणीच्या आधीचे काही तासही नाही. ओली धिंगरी पिशवीत भरली तर नागपूरला पोचेपर्यंत तिला घाम फुटतो आणि गिऱ्हाईक पाकीट परत करतं.

पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरचीच हवा अनेकदा ८५च्या वर जाते. त्या दिवसांत बारदानं कोरडी ठेवा, पाणी बंद करा, आणि छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून हवा हलती ठेवा. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. नवं कोरडं तणीसही तेव्हाच मिळतं. पावसात भिजलेलं, काळपट तणीस फुकट मिळालं तरी घेऊ नका. तणीस भिजवून निथळलं की मूठभर घट्ट दाबून बघा: तळहात ओला व्हावा, पण धार लागता कामा नये. बेडमध्ये आधीच जास्त पाणी असेल तर हवेचा ओलावा कितीही सांभाळलात तरी तळाशी आंबूस वास येणारच.

तंबूची जागा ठरवताना मी दोन बाबतींत कडक आहे. धानाची पोती ठेवता त्या खोलीत तंबू नको. तंबूतून बाहेर पडणारी ओली हवा त्या पोत्यांत शिरते. आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. पिकलेली धिंगरी बीजाणूंची पांढरी भुकटी सोडते. ती रोज छातीत गेली तर काहींना खोकला, ताप आणि धाप लागते; मशरूमच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांचा हा आजार वैद्यकाला जुना माहीत आहे. टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच काढणी करा, नाकातोंडाला मास्क लावा, आणि तंबूची हवा खिडकीतून बाहेर जाईल अशी सोय करा. घरात दम्याचं माणूस असेल तर तंबू गोठ्यालगतच्या रिकाम्या छपरीत लावा. शंका आली तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. मशरूमवर देशभर चाललेल्या संशोधनाचं केंद्र हिमाचलातल्या सोलनला आहे, पण आपल्या हवेतला प्रश्न जवळच्या माणसाला लवकर कळतो.

मार्च सरता सरता मी धिंगरी थांबवते. बाहेर चाळीसच्या वर पारा, हवा ठणठणीत कोरडी. कुलर लावून तंबू गार ठेवायचा तर वीज आणि पाणी दोन्ही परवडत नाही. दुधी आळिंबी ३० ते ३५ अंशांत येते, पण भर मे महिन्यात प्लास्टिकखाली तेवढंही राखता येत नाही. त्या दिवसांत तंबू उतरवून प्लास्टिक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवायचं, पाइप पुसायचे, आणि सगळं आठवडाभर अंगणातल्या उन्हात तापू द्यायचं. वापरलेले बेड फोडून तणीस शेणखताच्या खड्ड्यात टाका, घरापासून लांब; चिलटं आणि हिरवी बुरशी पुढच्या हंगामात तिथूनच परत येतात.