गालिच्यातील मूत्राचा वास आणि तहारतचा नियम

नमाजसाठी इस्लामने शरीर, वस्त्र आणि जागा या तिन्हींच्या शुद्धतेची अट घातली आहे. वुजू कसा करावा, हे आपल्या मुलांना मक्तबमध्ये शिकवले जाते. कपड्यांची काळजी घरोघरी घेतली जाते. जागेचा प्रश्न मात्र आपण बहुधा नाकावर सोपवतो. वास आला तर जागा नापाक, वास गेला तर पाक, असा आपला सोयीचा हिशेब असतो. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. कसा, ते या पाठात पाहू.

शहापूर आणि मुरबाड हे भातशेतीचे तालुके. जिथे भात साठवले जाते तिथे उंदीर येतो, आणि उंदीर आला की मांजर येतेच. पूर्वी ते पडवीत आणि माळ्यावर असे. आता दिवाणखान्यातील गालिच्यावर झोपते. त्याच गालिच्यावर घरातील माणसे नमाज पढतात. मांजराने तेथे मूत्रविसर्जन केले की घरात वाद सुरू होतो. कोणी अत्तर शिंपडते, कोणी फिनेल ओतते, तर कोणी मांजरच गोणीत भरून महामार्गापलीकडे सोडून येते.

मांजर आणि मांजराचे मूत्र

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजराला अपवित्र मानलेले नाही, ते आपल्या घरात सतत वावरणारे प्राणी आहे, हे कारणही सांगितले आहे. म्हणून मांजर अंगाला घासले, गालिच्यावर बसले, तर गालिचा नापाक होत नाही. त्याचे मूत्र मात्र हनफी आणि शाफई या दोन्ही मजहबांत नजासत आहे. मूत्रापासून न जपण्याबद्दल हदीसमध्ये कबरीतील शिक्षेचा इशारा आला आहे; त्यामुळे हा विषय क्षुल्लक समजू नये.

वास परत का येतो?

मूत्रात युरिया असतो. जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. डोळ्यांना झोंबणारा दर्प त्याचाच. मांजराच्या मूत्रात याखेरीज गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात, म्हणून त्याचा वास अधिक उग्र असतो. तिसरा घटक युरिक आम्ल. त्याचे क्षार पाण्यात फार कमी विरघळतात आणि वाळल्यावर बारीक स्फटिक होऊन धाग्यांच्या मुळाशी चिकटून राहतात. उन्हाळ्यात सारे ठीक वाटते. आषाढात सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा ओलसर झाली की तोच वास पुन्हा उठतो.

येथे एन्झाइमयुक्त द्रव उपयोगी पडतो. एन्झाइम म्हणजे शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील विकर. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिठाचे साखरेत रूपांतर करते. त्याच रीतीने या द्रवातील विकरे, आणि काही द्रवांत ती निर्माण करणारे जिवाणू, मूत्रातील वास देणाऱ्या पदार्थांचे विघटन करतात. अत्तर वास झाकते; हा द्रव वासाचे मूळ तोडतो.

वास गेला म्हणजे पाक झाले का?

शाफई मजहबात नजासत दूर करून वस्तू पाक करण्याचे साधन पाणी आहे. दुसरा द्रव त्याची जागा घेत नाही. आपल्याकडील कोकणी घरे बहुतेक याच मजहबाची आहेत. हनफी मजहबात सिरका किंवा गुलाबपाणी यांसारख्या पाक आणि नजासत काढून टाकणाऱ्या द्रवानेही शुद्धी होऊ शकते; पण तेथेही नजासत वस्तूतून निघून गेली पाहिजे. एन्झाइमचा द्रव गालिच्यात मुरवून तेथेच वाळू दिला, तर काहीच बाहेर निघालेले नसते. म्हणून दोन्ही मजहबांच्या घरांसाठी निर्धोक मार्ग एकच: द्रवाने वासाचे मूळ तोडावे आणि नंतर पाण्याने धुवावे. अत्तर किंवा उदबत्तीने मात्र कोणत्याही मजहबात काही पाक होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नियमाप्रमाणे धुतल्यावरही किंचित वास राहिला आणि तो काढणे कठीण असेल, तर गालिचा पाकच आहे. हजरत खौला बिंत यसार (रजि.) यांनी कपड्यावरील रक्ताच्या न जाणाऱ्या डागाबद्दल विचारले, तेव्हा पाण्याने धुणे पुरेसे आहे आणि उरलेल्या खुणेने बाधा येत नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले. साबणासारख्या साधनाची गरज असेल तर ते वापरावे, असे शाफई फकीहांनी सांगितले आहे. तेव्हा आधी प्रामाणिक प्रयत्न, आणि त्यानंतर निश्चिंतता. श्रावणात वास आला म्हणून मागच्या नमाजा पुन्हा पढत बसणे हा वसवसा आहे. आधीची शुद्धी निश्चित असेल, तर ती नुसत्या शंकेने रद्द होत नाही.

धुण्याची रीत

१. ओले मूत्र जुन्या कापडाने दाबून टिपावे. घासू नये, घासल्याने ते खोल जाते.

२. थोडे साधे पाणी ओतून पुन्हा टिपावे. गरम पाणी, फिनेल किंवा ब्लीच वापरू नये. त्यांनी विकरे निकामी होऊ शकतात. शिवाय ब्लीच आणि मूत्रातील अमोनिया यांच्या संयोगाने विषारी वायू तयार होतो, आणि फिनेल मांजराला घातक ठरू शकते.

३. एन्झाइमचा द्रव मूत्र जितके खोल गेले असेल तितका मुरेल असा ओतावा. बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहू द्यावी, नंतर टिपून घ्यावी. आधी कोपऱ्यात रंगाची परीक्षा घ्यावी. लोकर आणि रेशीम ही प्रथिनेच असल्याने प्रथिने तोडणारी विकरे त्यांना इजा करतात. अशा मुसल्यासाठी योग्य द्रव निवडावा.

४. शेवटी पाणी. गालिचा उचलता येत असेल तर दोरीवर टाकून वरून तांब्याने पाणी ओतावे, म्हणजे ते खाली निथळून जाईल. जो पिळता येत नाही तो तीनदा धुवावा आणि दर वेळी थेंब गळणे थांबू द्यावे, हा हनफी नियम आहे. त्याने शाफई अटही पूर्ण होते, कारण पाणी नजासतीवर वाहून बाहेर पडते. उचलता न येणाऱ्या गालिच्यावर पाणी ओतून ते कापडाने दर वेळी शोषून घ्यावे.

कुत्र्याचे मूत्र असेल तर शाफई मजहबात सात वेळा धुणे आणि त्यातील एकदा मातीसह, हा नियम लागू होतो. हनफींकडे तीनदा धुणे पुरते.

पाणी नसेल तेव्हा

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा घरात हंडाभर पाणी गालिच्यावर ओता, असे सांगणे जड आहे. शरीअतने ही अडचण आधीच ओळखली आहे. मस्जिदीत एका ग्रामीण अरबाने लघवी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अडवू दिले नाही, त्या जागी बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले आणि त्याला सौम्यपणे समजावले. ती जमीन मातीची होती, गालिच्याला अधिक श्रम लागतात. पण कमी पाणी योग्य रीतीने वापरावे, हा धडा तेथे आहे. तेवढेही पाणी नसेल तर जागेवर खूण करावी आणि ती सोडून नमाज पढावी. गालिचा कोरडा असेल तर त्यावर जाड, पाक चटई अंथरून पढलेली नमाजही योग्य आहे. पाणी मिळेल तेव्हा गालिचा धुवावा.

घरातील वर्तन

हे काम घरच्या स्त्रीवरच टाकू नये. प्रेषित (स.) स्वतः घरकामात हात लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. मांजर ज्या मुलाचे लाडके, त्यानेही टिपण्याचे कापड हाती घ्यावे. आजारी वृद्धाकडून अंथरुणात असे घडले तर हीच रीत वापरावी, आणि त्या माणसाला एका शब्दानेही लाजवू नये.

मांजर वारंवार घरात मूत्र करू लागले तर तो बहुधा हट्ट नसतो. मूत्रमार्गाचा आजार असू शकतो. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे, मातीचे घमेले ठेवावे आणि ते रोज साफ करावे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा परिणाम हदीसमध्ये आला आहे. घरात वाढलेल्या जिवाला रस्त्यावर मरायला सोडताना तो आठवावा.

स्वच्छता राखणाऱ्यांवर अल्लाह प्रेम करतो, आणि धर्मात त्याने आपल्यावर अडचण लादलेली नाही. कुरआनच्या या दोन्ही शिकवणी एकत्र ध्यानात ठेवल्या, तर गालिचाही पाक राहील आणि घरातील मनेही. अल्लाह आपल्याला योग्य समज देवो. आमीन.