वाचक कसा जोडावा : ब्लॉगवर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

ब्लॉग सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात बहुतेक नवे लेखक रोज एकच गोष्ट पाहतात : फॉलोअरचा आकडा. घरच्या आणि ओळखीच्या माणसांमुळे तो तीस-चाळीसपर्यंत झटकन जातो आणि तिथेच अडतो. आकडा अडला की पुष्कळांचे लेखनही अडते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्याला हे अधिक जाणवते. गावात मराठी नियतकालिक नसते. असले तर वर्षातून एकदा निघते (आपले हे वार्षिकही त्यातलेच). ब्लॉग हे त्याच्या हाताशी असलेले जवळजवळ एकमेव साधन आहे. म्हणून या आकड्याकडे जरा नीट पाहू.

फॉलोअर म्हणजे ज्याने एकदा बटण दाबले तो. वाचक म्हणजे जो पुन्हा येतो तो. पुन्हा यायची सवय लावणे हेच खरे काम, आणि ते मराठीला नवे नाही. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहिली. तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे 'शतपत्रे' म्हणून ओळखली गेलेली ही पत्रे प्रत्यक्षात १०८ आहेत. पत्र आटोपशीर, आणि वाचकाशी समोरासमोर बोलल्यासारखे. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांचे 'करमणूक' साप्ताहिक निघाले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः येऊ लागली. यमूचे पुढे काय झाले, हे कळायला पुढचा अंक हवाच. आजच्या 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर क्रमशः कथा चालतात त्यामागे हीच युक्ती आहे.

तेव्हा वार ठरवावा आणि पाळावा. महिन्यातून दोन लेख झेपत असतील तर दोनच. पण पहिल्या आठवड्यात पाच आणि मग तीन महिने शुकशुकाट, असे नको.

विषयाबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. बेळगाव किंवा इंदूरचा नवा लेखक पुष्कळदा पुण्या-मुंबईचे विषय पुण्या-मुंबईच्या भाषेत लिहायला जातो. वाचक तिकडे आहेत, हा त्याचा हिशेब. पण ते विषय लिहिणारे तिथे शेकड्यांनी आहेत. ग्वाल्हेरच्या मराठी वाड्यांतले सणवार, बडोद्यातल्या सयाजीरावांच्या काळापासूनची ग्रंथालये, सीमाभागातल्या घरात मराठी-कन्नड कशी मिसळते, हे मात्र तिथे राहणाराच आतून लिहू शकतो. आपल्या गावच्या मराठीतला हिंदी वा कन्नड वळणाचा शब्द पुसून टाकू नये. दूर गेलेल्या गाववाल्याला तोच ओळखीचा वाटतो, आणि पहिले खरे वाचक बहुधा तेच असतात.

आता तांत्रिक बाजू. इथे चांगले लेखनही हरवते, म्हणून जरा थांबू. पहिली गोष्ट अक्षरांची. छपाईसाठी जुन्या फॉण्टात टंकलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाच्या पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्राला तो मराठी म्हणून कळत नाही. तो आधी युनिकोडमध्ये आणावा. दुसरी गोष्ट पत्त्याची. 'ब्लॉगर'वर शीर्षक फक्त देवनागरीत असेल तर लेखाच्या पत्त्यात शीर्षकाऐवजी नुसते 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच उमटते. पुढच्या लेखाला त्यालाच एखादा आकडा जोडला जातो. दहा लेखांचे पत्ते जवळजवळ सारखेच! 'वर्डप्रेस'वर देवनागरी पत्ता तयार होतो खरा, पण तो पाठवताना बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होते आणि पाहणारा ती उघडायला कचरतो. दोन्हीकडे उपाय एकच : प्रसिद्ध करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांत स्वतः लिहावा. शीर्षक मात्र देवनागरीतच ठेवावे. तिसरी गोष्ट नावांची. कुणी 'इंदूर' असे शोधतो, कुणी 'इंदौर'. कुणी 'बडोदा', कुणी 'वडोदरा'. 'बेळगाव' आणि 'बेळगावी'चे तर आपण जाणताच. लेखात आपल्याला मान्य असलेले रूप वापरावे, पण दुसरे रूप एकदा तरी सहज येऊ द्यावे. तिकडून येणारा वाचकही आपलाच असतो.

व्हॉट्सअॅपबद्दल सावध राहावे. संपूर्ण लेख तिथे टाकला की तो पसरतो, पण दोन-तीन हातांनंतर खालचे नाव गळते. मग तो 'लेखक अज्ञात' म्हणून, नाहीतर थेट पु. ल. देशपांड्यांच्या नावावर फिरतो. लेखन हजारोंनी वाचले, वाचक एकही जोडला गेला नाही! म्हणून सुरुवातीचा एक परिच्छेद आणि पुढे दुवा, एवढेच पाठवावे. आपले व गावाचे नाव मजकुराच्या ओघातच कुठेतरी गुंफावे. ते सहसा गळत नाही.

प्रतिसादांना उत्तर द्यावे, हे सांगायला नको. चूक दाखवणाऱ्याला तर आधी.

राहता राहिला प्रश्न, हे वाचक कुणाच्या जागेत बसले आहेत? 'गूगल रीडर' जुलै २०१३ मध्ये बंद झाला, 'ऑर्कुट' सप्टेंबर २०१४ मध्ये, सर्वसामान्यांसाठीचे 'गूगल प्लस' एप्रिल २०१९ मध्ये. जागा मालकाने बंद केली की जमवलेला आकडाही तिच्यासोबत जातो. त्यामुळे मंच कोणताही असो, प्रत्येक लेखाची प्रत आपल्या संगणकावर असावी, आणि नेमाने वाचणाऱ्यांचे ई-मेल पत्ते, त्यांच्या संमतीने, एका वहीत. हजार फॉलोअरच्या आकड्यापेक्षा ज्यांना आपण उद्या स्वतः पत्र पाठवू शकतो असे साठजण मला मोलाचे वाटतात. लोकहितवादींच्या वाचकांचा पत्ता निदान 'प्रभाकर'च्या कचेरीत असेल; आपल्याकडे तेवढाही नसावा?

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपल्या गल्लीबाहेर कुणी लिहिणार नाही असे चार विषय काढा. प्रत्येकावर पाचशे शब्द लिहा, चार आठवडे एकाच वारी प्रसिद्ध करा. या काळात आकडा पाहू नका. पाचव्या आठवड्यात चारपैकी किमान तीन लेख कुणी वाचले, त्यांची नावे लिहून काढा. नावे सात-आठच निघाली तरी चालतील. त्यांतल्या दोघांना विचारा, पुढच्या महिन्यात काय वाचायला आवडेल.