घरच्या पीसीवर अँड्रॉइड बिल्ड करायचंय? आधी हार्ड डिस्क बघा
अँड्रॉइडचा सोर्स कोड फुकट आहे, तो पेलणारा कॉम्प्युटर मात्र फुकट नाही! गूगल सांगतं, ४०० जीबी मोकळी जागा हवी: २५० कोड उतरवायला, १५० बिल्डला. रॅम किमान ६४ जीबी. म्हणजे हप्त्यावर पीसी घेण्याआधी हिशोब मांडा. विंडोजवर थेट बिल्ड होत नाही, उबुंटू टाका. ‘रेपो’ टूलने कोड घ्या.

पहिली चाचणी कटलफिश या आभासी फोनवरच करा. खऱ्या फोनचा बूटलोडर अनलॉक केला की सगळा डेटा उडतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या फोनला हात लावू नका.

आणि दुकानाच्या टॅबवर फक्त बिलिंगच चालवायचं असेल, तर ओएस बनवता कशाला? सेटिंगमधलं ॲप पिनिंग सुरू करा, काम झालं.