काटा हवा दाखवतो, ब्रेक नाही

पोरा, तुझ्या हाती आता जी बस दिली आहे तिच्या डॅशबोर्डवर दिव्यांची रांगच आहे. आमच्या वेळी हवेचे दोन काटे आणि एक बझर, एवढ्यावर घाट उतरायचो. नवं आलंय ते चांगलंच आहे. पण कुठला दिवा काय बघतो आणि त्याला काय दिसतच नाही, हे तुला पक्कं ठाऊक पाहिजे.

सकाळी चावी फिरवलीस की लगेच इंजिन मारू नकोस, आधी दिवे बघ. एबीएसचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. काही गाड्यांत तो चार पावलं चालल्यावर विझतो. लागलाच नाही तर समाधान मानू नकोस. बल्ब तरी गेलाय, नाहीतर कटकट नको म्हणून कुणीतरी काढून ठेवलाय. २०१५ मध्ये नव्या अवजड गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते दिवा झाकायला नव्हे. हबमध्ये ग्रीस भरून गाडी बाहेर आली आणि दिवा पेटला, तर बहुतेक वेळा चाकाजवळचा सेन्सर मागे सरकलेला असतो. तो दात्यांच्या रिंगला टेकेपर्यंत आत ढकलायचा. चाक फिरलं की योग्य अंतर तो आपलं आपण धरतो. फिटरला हे आधी बघायला सांग, मग नवा सेन्सर मागव.

पिवळा दिवा पेटला तरी साधा ब्रेक लागतो. फक्त ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सोबत नसते. अंतर ठेवून, सावकाश डेपोपर्यंत ये. लाल दिवा आणि बझर हे प्रकरण वेगळं. हवेची टाकी साधारण ८ किलोला भरते आणि ५ किलोच्या आसपास बझर ओरडतो. हवा शिल्लक आहे तोवरच गाडी डावीकडे घे. अजून उतरली की मागच्या बूस्टरमधली स्प्रिंग आपणहून ब्रेक धरते आणि मग गाडी असेल तिथेच अडकते, मागून येणाऱ्याच्या पुढ्यात.

आता माझ्या वस्तादांनी माझ्याकडून घोकून घेतलेली गोष्ट. काटा ८ वर आहे म्हणजे टाकीत हवा आहे, इतकंच. ती हवा बूस्टरचा दांडा ढकलते, दांडा स्लॅक फिरवतो, स्लॅक कॅम फिरवतो, तेव्हा कुठे लायनर ड्रमला भिडतो. लायनर झिजला, बुश सैल झाला, तर दांडा पूर्ण बाहेर येऊनही लायनर नीट दाबला जात नाही. त्यात घाटात ड्रम तापून फुगतो, लायनरपासून आणखी लांब जातो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ‘हवा फुल होती, तरी ब्रेक लागला नाही’ असं ड्रायव्हर सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. काट्याला हे दिसतच नाही.

हे दिसावं म्हणून आता बूस्टरवरच सेन्सर बसवता येतो. अमेरिकेत असे ट्रक आणि बस आहेत. कुठल्या चाकाचा दांडा जास्त बाहेर येतो, कुठला सुटत नाही, कुठला हलतच नाही, हे तो चाकागणिक सांगतो. मला विचारशील तर घाटातल्या प्रत्येक बसला हा हवा. तुझ्या गाडीला नसेल तर खडू घे. सपाट जागा, चाकांना दगड, हॅन्डब्रेक सोडलेला, इंजिन बंद, हवा ६ ते ७ किलो. दांड्यावर बूस्टरच्या तोंडाशी खूण कर, जोडीदाराला पेडल दाबून धरायला लाव, खूण किती सरकली ते मोज. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला २ इंच म्हणजे हद्द झाली. पेडल दाबलेलंच असताना कानही लाव. मिनिटभरात काटा डोळ्यादेखत उतरला तर कुठेतरी हवा पास होते आहे.

आणि ऑटो स्लॅक असलेल्या गाडीचा दांडा लांब पडला, तर पाना लावून स्लॅक आवळून मोकळा होऊ नकोस. जो स्लॅक आपणहून जुळवून घ्यायला बनवलाय, तो का घेत नाही ते शोध. आवळलं की दोन दिवस बरं वाटतं, दोष जागेवरच राहतो.

टाकीतलं पाणी रोज सोड, पावसाळ्यात तर विसरूच नकोस. ड्रायर आहे म्हणून पाणी येणार नाही असं नाही. पाण्याबरोबर तेल आलं तर कॉम्प्रेसर दाखव.

उतार लागायच्या आधीच खालचा गिअर घे, एक्झॉस्ट ब्रेक वापर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून उतरणाऱ्याचा कॉम्प्रेसरही बंद असतो. प्रत्येक पेडलला हवा खर्च होते, नवी येत नाही.

मालकाच्या मोबाईलवर आता गाडीची सगळी नोंद जाते. त्यांनाही माझं सांगणं आहे: वेग बघता तसा हवेचा दाबही बघा, आणि फॉल्ट नुसता पुसून गाडी पाठवू नका. पोरा, तूही प्रत्येक दिव्याची नोंद लॉगशीटवर लेखी कर, तोंडी सांगून सोडू नकोस. बझर वाजत असेल तर गाडी स्टँडवरून काढू नकोस, कितीही उशीर झाला तरी.