मनाच्या पाण्याचे दारे

कीर्तन संपून आरती झाली, अबीर-बुक्का लावून मंडळी घरोघर निघाली, की दोन-चारजण मागे घुटमळतात. त्यांच्यातला एक प्रश्न आम्हांस चाळीस वर्षे गावोगाव ऐकू येतो. "महाराज, पांडुरंगाच्या कृपेनं घरात उणं काही नाही, पण जिवाला स्वस्थता नाही. काय करावं?" आज त्याच प्रश्नाचा विचार करू.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ हे श्लोक पाहा. मनुष्य खाली कसा येतो, त्याच्या पायऱ्याच भगवंतांनी तेथे मोजून दाखविल्या आहेत. पहिली पायरी कोणती? चोरी नव्हे, व्यसन नव्हे. पहिली पायरी ध्यान! म्हणजे एकाच विषयाचे पुनःपुन्हा चिंतन. चिंतनाने संग जडतो, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. आणि बुद्धी गेली की माणूस गेला. ध्यान म्हटले की आपल्याला डोळे मिटून बसलेला योगी आठवतो. पण ध्यान आपण सगळेच करतो. भाकरी थापताना करतो, बांधावर बसून करतो, एसटीत खिडकीशी बसून करतो. कशाचे करतो, एवढाच प्रश्न.

दुसऱ्याचे कशाला, आमचाच दाखला देतो. काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात काल्याचे कीर्तन आमच्याकडून काढून एका तरुण बुवांना दिले गेले. गोष्ट एवढीच. पण ती आम्ही घरी घेऊन आलो. रोज पहाटे उठल्याबरोबर तेच चिंतन : आम्हांस का वगळले? मग त्या अपमानाचाच संग जडला; तो नसला तर चुकल्यासारखे वाटू लागले. मग इच्छा उपजली, की त्या बुवांचे कीर्तन पडावे. ते काही पडले नाही, उलट रंगले. तेव्हा क्रोध आला. क्रोध निघाला कोणावर? ताटात मीठ कमी पडले म्हणून सूनबाईवर! पुढे तर एका कीर्तनात, शेकडो वेळा सांगितलेला दृष्टांत मध्येच विसरलो. टाळकरी बघत राहिले, मृदंग थांबला. आचार्य स्मृतीचा अर्थ करतात तो गुरु-शास्त्रांच्या उपदेशाचा संस्कार; आमचा तर उपदेशही गेला आणि शब्दही गेले. त्या रात्री बासष्टावा श्लोक आम्हांस प्रथम कळला. पाठ तो लहानपणापासून होता.

आता गंमत अशी, की हे दोन श्लोक पुष्कळांना येतात, पण लगेच पुढचे दोन कोणी लक्षात ठेवीत नाही. ६४ आणि ६५ या श्लोकांत वर चढण्याची वाट आहे. भगवंत विषय सोडून रानात जा, असे तेथे म्हणत नाहीत. विषयांतच वावरा, पण राग-द्वेष वजा करून वावरा. म्हणजे प्रसाद मिळेल, आणि त्या प्रसादाने दुःखे ओसरतील. प्रसाद म्हणजे चित्ताची प्रसन्नता, निवळलेपण. हा मार्ग आपल्यासारख्या प्रापंचिकांसाठीच आहे.

पण राग-द्वेष वजा करायचे कसे? सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच अडचण मांडली, की मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण. भगवंतांनी ते नाकारले नाही. कठीण आहेच, असे कबूल करून दोन साधने सांगितली : अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनीही हीच जोडी सांगितली, आणि त्यावरील व्यासभाष्यात चित्ताला दोन्ही बाजूंना वाहणाऱ्या नदीची उपमा आहे. एक प्रवाह कल्याणाकडे, एक अकल्याणाकडे. वैराग्याने एक अडवायचा, अभ्यासाने दुसरा मोकळा करायचा.

ज्याने उसाला दारे धरले आहे त्याला हे चटकन समजेल. पाटाचे पाणी थांबवू म्हटले तर ते बांध फोडते. शहाणा शेतकरी काय करतो? खोऱ्याने माती ओढून भरलेल्या वाफ्याचे तोंड बंद करतो आणि कोरड्या वाफ्याचे उघडतो. पाणी तेच, वाट निराळी. शिवाय जुन्या वाटेने पाणी आपसूक धावते, कारण ती वाट खोल झालेली असते. नव्या वाटेला दहादा खोरे लावावे लागते. म्हणून "विचार करू नका" हा उपदेश निरुपयोगी. त्या जागी कोणता विचार करावा, ते सांगितले पाहिजे.

ते पतंजलींनी समाधिपादाच्या ३३ व्या सूत्रात सांगितले आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. याने चित्त प्रसन्न होते. गीतेतला प्रसाद तो हाच. आणि वारकऱ्याला हे चारही वाफे वारीत आयते मिळतात. ओळख ना पाळख, समोरच्याला माउली म्हणून त्याच्या पाया पडायचे, ही मैत्री. कोणाच्या पायाला फोड आले तर त्याचे पाय तेलाने चोळायचे, ही करुणा. दुसऱ्याची चाल आपल्याहून गोड लागली तर मनापासून मान डोलवायची, ही मुदिता. दर्शनबारीत कोणी धक्का देऊन पुढे घुसला तर विठ्ठल म्हणून सोडून द्यायचे, ही उपेक्षा. आम्ही चुकलो तिसऱ्या वाफ्यात. त्या तरुण बुवांचे कीर्तन पुढे मुद्दाम जाऊन ऐकले, मागे टाळ घेऊन उभे राहिलो. पहिल्या दिवशी जड गेले. तिसऱ्या वेळेस खरोखर आनंद झाला.

येथे एक शंका येईल. मग ज्याचे मन खचले, त्याची भक्ती कमी पडली काय? नाही, नाही! ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. एका गृहस्थांचा कर्ता मुलगा गेला. त्यांची झोप गेली, अन्न जाईना, हरिपाठात बसवेना. त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, "नाम वाढवा." त्यांनी अर्थ घेतला, की आपले नामच खोटे. ते अधिकच खचले. शेवटी मुलीने त्यांना तालुक्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेले. काही महिने औषध चालले, बोलणे झाले, आणि ते पुन्हा दिंडीत आले. आम्हांस म्हणाले, "महाराज, तुमचं सांगणं खोटं नव्हतं, पण तेव्हा मला खोरं उचलायचं बळच नव्हतं."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. चरकाचार्यांनी रोगाची आश्रयस्थाने दोन सांगितली आहेत, शरीर आणि मन. ताप आला तर वैद्य पाहतो, मग मनाच्या दुखण्यालाच का लाजावे? तुकोबांनी दुष्काळात पत्नी गमावली, पुत्र गमावला. मनाशी चाललेला झगडा त्यांनी अभंगांतून झाकून ठेवला नाही. म्हणून कोणाची झोप-भूक दोन आठवडे उडाली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्याला उपदेश करू नका. हात धरून डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. नाम सोडू नये, औषधही सोडू नये.

बाकी आपण जे रोजचे कुढणारे, त्यांनी या महिन्यात एक नेम करावा. रात्री हरिपाठ झाल्यावर घटकाभर बसून पाहावे : आज दिवसभर आपण कशाचे ध्यान केले? ते विठ्ठलाजवळ खरे सांगावे. मग उद्या चारांपैकी कोणत्या वाफ्यात पाणी न्यायचे, तेवढे ठरवून निजावे. चुकले तर पुन्हा खोरे उचलावे. सूनबाईची क्षमा मागायला आम्हांस तीन महिने लागले. वाचकांनी इतका उशीर करू नये, एवढीच विनंती.

रामकृष्णहरि.