न व्यालेल्या कालवडीची कास

पश्चिम कॅन्ससमधल्या फीडलॉटांमध्ये मी जनावरांचा डॉक्टर आहे. इथल्या अँगस, हिअरफर्ड कालवडी मांसासाठीच वाढवतात. तरी अधूनमधून एखादीची कास भरते, सडांतून दूध गळतं. अशा कालवडी तपासून शिकलो ते असं.

1. आधी गाभ तपासा. गुरांचा गर्भकाळ सुमारे 283 दिवसांचा. कुरणावर वळू मोकळे असतात आणि विकणाऱ्याचं ‘रिकामी आहे’ हे सांगणं पुरेसं नसतं. भरल्या अंगाची कालवड पाच महिन्यांची गाभण असली तरी पोटावरून कळत नाही. हाताने किंवा अल्ट्रासाउंडने पाहिल्याशिवाय दुसऱ्या कारणाकडे वळूच नका.

2. गाभ पाडलेला असेल तर नोंदवही काढा. गाभ पाडायला टोचलेलं प्रोस्टाग्लँडिन पहिल्या 100 दिवसांत चांगलं लागू पडतं. उशिरा गाभडलेली कालवड दूधही देते आणि तिची वार अडकण्याचा धोकाही असतो. तिला नुसतं दुधासाठी तपासू नका, ताप आणि गर्भाशय बघा.

3. रिकामी निघाली, तर संप्रेरकांचा विचार करा. कालवडी माजावर येऊन एकमेकींवर उड्या मारू नयेत म्हणून अमेरिकेत 1968 पासून खाद्यात मेलेंजेस्ट्रॉल ॲसिटेट देतात. त्याने बीज सुटत नाही, पण बीजकोशातलं पुटक टिकून राहतं आणि इस्ट्रोजेन तयार करत राहतं. त्यात कानाच्या कातडीखाली इस्ट्रोजेनची गोळी बसवलेली. कास वाढणारच. हा आजार नव्हे; प्रतिजैविक टोचण्याची घाई मला अजिबात मान्य नाही.

4. एकाच वाड्यातल्या बऱ्याच कालवडींच्या कासा भरल्या आणि योनी सुजलेली दिसली, तर मका तपासा. थंड, ओल्या हंगामात कणसांवर गुलाबी फ्युझेरियम बुरशी धरते. तिच्यातलं झिरॅलेनोन शरीरात इस्ट्रोजेनसारखंच वागतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि ते खाद्य थांबवा.

5. पिळू नका. पिळलं की दूध पुन्हा उतरतं. सोबतच्या कालवडी चोखत असतील तर कास भरलेल्या कालवडीला वेगळी ठेवा. सड दुखावले की कासदाह ठरलेला.

6. कत्तलखान्यात कासेतलं दूध मांसावर सांडलं, तर तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

या कामात येणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे : कालवडी ट्रकमधून उतरतात त्याच दिवशी गाभ तपासा. दिवस भरत आलेली निघाली, तर तिला वेगळ्या, कोरड्या जागी शांतपणे विऊ द्या.